विंग कमांडर काळवणे यांची पाठ

माणूस पालथा झोपला, त्याच्या कमरेवर शेकाची गरम पिशवी ठेवली आणि वीस मिनिटं हलायचं नाही असं बजावलं, की तो बोलायला लागतो. समोर कुणाचं तोंड दिसत नाही, हातात फोन नाही, उठून जायची सोय नाही. मग जे घरात कधी सांगितलं नाही, ते तो गादीला सांगतो. मी फिजिओथेरपिस्ट. ज्योतीनगरात माझं छोटंसं क्लिनिक आहे आणि एवढ्या वर्षांत माझ्याकडं एक्स-रेंपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातही सकाळी सातच्या बॅचचे जरा जास्तच.

या बॅचमध्ये तीन म्हातारे. पहिले विंग कमांडर काळवणे. वय अठ्ठ्याहत्तर, गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, एकाहत्तरच्या लढाईत फायटर विमान उडवलेला माणूस. आम्ही त्यांना सर म्हणतो. दुसरे युसूफभाई. त्याच लढाईत, त्याच तळावर, सरांच्याच विमानाचे मेकॅनिक. तिसरे साळवेमामा, कन्नडचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांचा लढाईशी काडीचा संबंध नाही, पण सगळे प्रश्न त्यांचेच असतात. शिवाय खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या सुमनकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस. त्यांना काही दुखत नाही. सर व्यायाम खरंच करतात का, हे बघायला त्या येतात.

*

सर पहिल्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणं विचारलं, पाठ कधीपासून दुखते? म्हणाले, एकाहत्तरपासून. कशानं? म्हणाले, "खुर्चीनं."

मी फाइलमध्ये लिहिलं, खुर्चीवरून पडले.

सरांनी ते उलटं वाचलं आणि दुरुस्त केलं. "पडलो नाही डॉक्टर. खुर्चीच वर गेली. मी तिच्यात बसलेलो होतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लढाईच्या शेवटच्या दिवसांत खालच्या तोफेचा गोळा त्यांच्या विमानाला लागला. इंजिन बंद, मागं आग. अशा वेळी डोक्यावरचं हँडल ओढायचं. खुर्चीखाली दारूगोळाच असतो, तो उडतो, आणि खुर्ची माणसाला घेऊन विमानाबाहेर फेकली जाते. पुढं पॅराशूट उघडतं. जीव वाचतो, पण मणके एकमेकांवर असे दाबले जातात, की उंचीच कमी होते. सरांची पाऊण इंच कमी झाली. एक्स-रेत अजून दिसतं.

मी भारावून ऐकत होते. काकूंनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, की सर त्यांना बघायला आले ते लढाईच्या आधी आणि लग्न झालं ते लढाईनंतर. मांडवात काकूंच्या आईला काहीतरी खटकलं. त्यांनी हळूच नवऱ्याला विचारलं, अहो, बघायला आला होता तो हाच का? तो जरा उंच होता.

काकूंचे वडील सरळ माणूस. ते खरंच उठून सरांच्या थोरल्या भावाकडं चौकशीला गेले. भाऊ अक्षता वाटत होते. त्यांनी हात न थांबवता उत्तर दिलं, "तोच हाय पाव्हणं. लढाईत थोडा खर्ची पडला."

*

युसूफभाई कमी बोलतात. पण एक किस्सा त्यांचा आहे आणि तो त्यांनीच सांगायचा, असा बॅचमध्ये अलिखित नियम आहे.

फायटर विमानात पायलटच्या डोक्यावर काचेचा घुमट असतो. युसूफभाईंचं काम इंजिनाचं, पण विमान सुटायच्या आधी ती काच ते स्वतः मलमलच्या फडक्यानं पुसायचे. एकदा गडबडीत राहिली. लढाईचा पहिलाच दिवस होता, हुकूम आला आणि सर उडाले.

सर चोवीस वर्षांचे. पहिल्यांदाच खऱ्या शत्रूला शोधत होते. वर गेल्यावर उजवीकडं, उंचावर, एक काळा ठिपका दिसला. लांबचं विमान असंच ठिपक्यासारखं दिसतं. सरांनी विमान जोरात वळवलं. ठिपका बरोबर वळला. सर आणखी वळले, तोही आणखी वळला. खाली सूर मारला, तर तोही खाली. जवळ येत नाही, लांब जात नाही, काही केल्या सुटत नाही. सर सांगतात, आयुष्यात एवढा हुशार शत्रू परत भेटला नाही. शेवटी पुढच्या विमानातल्या लीडरनं रेडिओवर विचारलं, तू नक्की कुणाशी लढतोयस?

उतरल्यावर युसूफभाई शिडी लावून वर चढले, काचेकडं बघितलं, फडकं काढलं आणि म्हणाले, "साब, अपनीच मक्खी है."

पुढं दोघांच्या बदल्या झाल्या, गाठ तुटली. युसूफभाई आधी रिटायर झाले आणि शहागंजात स्कूटरचं गॅरेज काढलं. सर कितीतरी वर्षांनी शहरात राहायला आले. एकदा स्कूटर बंद पडली म्हणून कुणीतरी सांगितलेल्या गॅरेजात नेली. दाढीवाल्या मेकॅनिकनं मान खाली घालून प्लग बदलला, किक मारून बघितली. मग स्कूटर परत देण्याआधी खिशातून मलमलचं फडकं काढून पुढची काच पुसायला लागला. इकडून पुसली, तिकडून पुसली.

"देख लो साब," तो म्हणाला, "आज मक्खी नहीं है."

इथं युसूफभाई थांबतात. पुढं दोघांनी काय केलं, ते दोघंही सांगत नाहीत.

*

साळवेमामांना एक गोष्ट पटत नव्हती. विमानांची लढाई किती वेळ चालते, असं त्यांनी विचारलं आणि सर म्हणाले, दोन-अडीच मिनिटं. मामा नाराज झाले. म्हणाले, कन्नडच्या घाटात समोरून ट्रक आला तर दोघांपैकी कोण मागं सरणार हे ठरायलाच तेवढा टाइम जातो. अडीच मिनिटांत माणूस दमतो तरी का?

सरांनी माझ्याकडं परवानगी मागितली. मग मामांना स्टुलावर बसवलं. दोन्ही मनगटांना माझे दोन-दोन किलोचे वजनाचे पट्टे बांधले. खांद्यांवर वाळूच्या पिशव्या, मांडीवर एक, आणि डोक्यावर एक छोटी. नाकातोंडावर टॉवेल गुंडाळला, फक्त डोळे उघडे. मग म्हणाले, विमान जोरात वळलं की असं होतं. हात पाचपट जड होतो. डोकं पाचपट जड होतं. रक्त पायाकडं जातं आणि डोळ्यांपुढचे रंग उडतात. सगळं राखाडी. आता मी हा लाल चिमटा खोलीभर फिरवतो, तो नजरेतून सोडायचा नाही. आणि त्याच वेळी तुमच्या घाटातली वळणं वरून खाली म्हणून दाखवायची.

मामांनी सुरुवात जोरात केली. पहिली तीन वळणं आली. चौथ्याला पिशवी घसरली, ती सावरताना हात वर जाईना, चिमटा कुठं गेला ते कळेना, टॉवेलात श्वास कोंडला. मामांनी हात खाली टाकले.

सरांनी घड्याळ बघितलं. चाळीस सेकंद.

मामा घाम पुसत म्हणाले, "आन् मंग?"

"मग काही नाही. तुम्ही गेलात."

मामांनी मनगटांचे पट्टे सोडले. मग विचारलं, "साहेब, मंग तुम्ही कसं काय हाय?"

सर पिशव्या जागच्या जागी ठेवत होते. म्हणाले, "समोरचा माझ्याहून जास्त दमला होता."

*

एका शाळेनं सरांना भाषणाला बोलावलं होतं. मुलांमध्ये वीरश्री संचारावी, असं मुख्याध्यापकांनी आधीच सुचवून ठेवलेलं. प्रश्नोत्तरांत सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, विमानात शू लागली तर?

हॉल हसला, मुख्याध्यापक उठायला लागले. सरांनी त्यांना हातानं बसवलं आणि दहा मिनिटं मनापासून उत्तर दिलं. विमानात लागत नाही, कारण विमानात चढायच्या आधी सगळे जाऊन येतात. दोनदा-दोनदा जातात. त्यांचा एक मित्र चढताना दर वेळी शिडीवर ओकायचा, तोंड पुसायचा आणि जायचा. त्याच्याइतका चांगला पायलट त्यांनी नंतर बघितला नाही.

मुलीनं विचारलं, "म्हणजे तुम्हाला भीती वाटायची?"

"जमिनीवर असताना रोज."

आभार मानताना मुख्याध्यापक म्हणाले, आजच्या कार्यक्रमातून विद्यार्थ्यांना पुष्कळ माहिती मिळाली.

*

सरांना दर दिवाळीला लखनौहून एक पत्र यायचं. वर लिहिलेलं असायचं, 'प्रिय धूर'. मी एकदा ते पत्र बघितलं आणि विचारलं.

लढाईत विमानं जोडीनं जायची. पुढं लीडर, मागं त्याला सांभाळणारा दुसरा. सर दुसरे. लीडर लखनौचे, हिंदी बोलायला लागले की ऐकत राहावं असे. त्या दिवशी लीडर एका शत्रूच्या विमानामागं लागले होते. ते पळत होतं, हे सोडत नव्हते. खाली सीमा कधीच मागं गेलेली. तेवढ्यात सरांना लीडरच्या विमानाच्या पोटातून पांढरा धूर निघताना दिसला.

रेडिओवर काय बोलायचं याचे ठरलेले इंग्रजी शब्द असतात. सरांना त्यातला एकही आठवला नाही. गंगापूर तालुक्यातल्या शेतात कडब्याच्या गंजीला जाळ लागल्यावर ओरडावं, तसे ते ओरडले, "सर, धूर! धूर!"

लीडरनं ऐकलं, दूर. त्यांनी खाली बघितलं. खरंच फार दूर आलो होतो. पोरगा बरोबर बोलतोय, असं म्हणून त्यांनी पाठलाग सोडला आणि विमान घराकडं वळवलं.

तळावर लीडरचं विमान उतरलं आणि पट्टीवर धावता धावताच त्याचं इंजिन बंद पडलं. युसूफभाईंनी खाली वाकून बघितलं, तर टाकीला दोन बोटं जातील एवढं भोक. गोळी लागलेली. ते पांढरं पांढरं दिसत होतं ते बाहेर उडणारं तेल. आणखी दोन मिनिटं पाठलाग केला असता, तर परतीला थेंब उरला नसता.

लीडर विमानाखाली उकिडवे बसून त्या भोकाकडं बघत राहिले. मग सरांना म्हणाले, तू बोललास धूर, मी ऐकलं दूर आणि निघालं तेल. तेव्हापासून सरांचं नाव धूर.

मागच्या दिवाळीला पत्र आलं, पण अक्षर वेगळं होतं. लीडरच्या मुलीनं लिहिलं होतं. वडील श्रावणात गेले. त्यांच्या वहीत पत्ता सापडला म्हणून कळवते आहे. शेवटी एक ओळ होती. 'धूर अंकल, एक विचारायचं राहून गेलं, तुमचं हे नाव कसं पडलं?'

सरांनी तिला अकरा पानांचं उत्तर लिहिलं. इतका वेळ खुर्चीत बसू नका, असं मी त्यांना सांगितलं होतं. ऐकलं नाही.

*

आता काकूंचा किस्सा. हा त्या पेपर घडी घालून सांगतात.

सर विमानातून बाहेर फेकले गेले त्या दिवशी ते कुठं आहेत हे तळावर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून घरी तार निघाली, की तुमचा मुलगा बेपत्ता आहे. दुसऱ्या दिवशी ते सापडले. गव्हाच्या शेतात पडले होते, उठता येत नव्हतं, गावकऱ्यांनी बाजेवर घालून आणलं. लगेच दुसरी तार निघाली, मुलगा सुखरूप आहे.

वाटेत काय गोंधळ झाला कुणास ठाऊक. गावात सुखरूपची तार आधी पोचली.

घरात कुणाला काही कळेना. सुखरूप आहे, हे तार करून का सांगतात? पण सरांच्या आईला आनंद झाला. त्यांनी गूळ वाटला. शेजारणीला म्हणाल्या, सरकार लई चांगलं हाय, अधनंमधनं कळवतं.

दोन दिवसांनी दुसरी तार आली. बेपत्ता.

घरात रडारड झाली. वडील ओसरीवर बसले ते उठेनात. भावानं तालुक्याला जाऊन चौकशी केली, कुणाला धड सांगता येईना. काकूंच्या माहेरी कन्नडला निरोप गेला. लग्न ठरलेलं, झालेलं नव्हतं. नातेवाईक म्हणायला लागले, अजून काही झालेलं नाही, पोरीचं आयुष्य आहे, आत्ताच विचार करा. काकू बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी वडिलांना सांगितलं, मला तिकडं नेऊन सोडा. दोन एसट्या बदलून बापलेक त्या गावात पोचले.

काकूंना वाटलं होतं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या असतील. त्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. घरातल्या कुणाला दोन दिवस घास गेला नव्हता आणि ही बाई एकेकाला उठवून जेवायला बसवत होती. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि रडायलाच लागल्या.

सासूबाईंनी पिठाचा हात तसाच त्यांच्या पाठीवर ठेवला. "रडू नगं. पहिल्या तारंत काय म्हणलेत? सुखरूप हाय. आता सुखरूप माणूस हरवला तर सापडंल की."

चौथ्या दिवशी सरांचं स्वतःच्या हातचं पत्र आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, हे मी कवाचीच सांगत होते. मग आत गेल्या, दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. काकूंनी दाराबाहेर बसून त्यांचा आवाज ऐकला. लग्नाच्या आधी सासरी राहिलेली पंचक्रोशीतली मी पहिली मुलगी, असं त्या सांगतात.

*

हा शेवटचा. गेल्या हिवाळ्यातला.

साळवेमामांनी सरांना सगळं विचारलं होतं, एक प्रश्न सोडून. त्या दिवशी सर पालथे झोपलेले, पाठीवर शेक होता, आणि मामांनी शेजारच्या कॉटवरून सरळ विचारलं, "साहेब, माणूस मारला का वो तुम्ही?"

युसूफभाईंनी मामांकडं रागानं बघितलं. काकूंनी पेपर खाली ठेवला. सरांनी हनुवटी दोन्ही हातांवर टेकवली.

मग म्हणाले, एक विमान पाडलं. सकाळची वेळ होती. लीडरपासून चुकलो होतो, एकटाच होतो. खाली झाडांच्या वर एक विमान दिसलं. त्यानं मला बघितलं नव्हतं. मी वरून आलो, गोळ्या झाडल्या. त्याच्या पंखाचे तुकडे उडालेले दिसले. मग वरची काच उडाली, आणि माझ्यासारखीच खुर्ची बाहेर आली. पॅराशूट उघडलं.

"तोपर्यंत माझ्यासाठी ते विमान होतं," सर म्हणाले. "तो बाहेर आला तेव्हा कळलं, आत माणूस होता."

तिथून लगेच निघायला हवं होतं. पण सरांनी त्याच्याभोवती एक चक्कर घातली. का, ते त्यांना सांगता आलं नाही. तो दोऱ्यांना लटकून खाली जात होता. एका हातात हातमोजा नव्हता. सर जवळून गेले तेव्हा त्यानं तो उघडा हात वर केला. सरांना वाटलं, शिव्या देतोय. मग दिसलं, तो बोट दाखवतोय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सरांच्या मागं.

सरांनी मान वळवली. मागं उन्हातून एक विमान सरळ त्यांच्यावर येत होतं. इतकं जवळ, की नाकावरची तोफेची भोकं मोजता यावीत. पॅराशूटवाल्याच्याच बाजूचं. सरांनी जीव खाऊन विमान ओढलं. गोळ्या पंखाखालून गेल्या. मग झाडांच्या शेंड्यांना चिकटून ते जे निघाले, ते तळ येईपर्यंत वर आले नाहीत.

युसूफभाई हळूच म्हणाले, "रस्सी में हाथ अटका होंगा साब."

"असेल."

मामांनी विचार केला. म्हणाले, तो त्याच्या माणसाला सांगत असंल, ह्यो बघ, ह्याला धर.

"तेही असेल. पन्नास वर्षं मीही हेच सगळं म्हणतोय," सर म्हणाले. "पण तो त्या विमानाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता."

शेकाची वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी पिशवी उचलली नाही. सुमनकाकू खिडकीजवळून उठून कॉटपाशी आल्या होत्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

मामांनी विचारलं, "मंग रिपोर्टाच्या कागदावर काय लिवलं तुम्ही?"

"लिहिलं, दुसरं विमान वेळेवर दिसलं."